दादरच्या शेतातल्या माद्या: एका नोंदीची उलटतपासणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी ई-बर्डवर, म्हणजे पाखरांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, एक नोंद टाकली. भारीट म्हणजे चिमणीसारखं, हिवाळ्यात येणारं दाणा खाणारं पाखरू. काळ्या डोक्याचे भारीट ४७, लाल डोक्याचे भारीट १५. जागा अमळनेर तालुक्यातलं तापीकाठचं दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं शेत, वेळ सकाळी सात ते साडेनऊ. चार दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा एका ओळीचा निरोप आला. लाल डोक्याच्या पंधरांपैकी नर किती होते आणि माद्या कशावरून ओळखल्या?

नर एकच होता. माद्या कशावरून ओळखल्या, याचं उत्तर लिहायला बसलो आणि दोन ओळींच्या पुढे जाता येईना. मग जे करायला हवं होतं ते उशिरा केलं. फोटो पुन्हा काढून बसलो, भाचीला बसवलं, मार्चमध्ये त्याच शेतात पुन्हा जाऊन आलो. त्या एका नोंदीचं पुढे काय झालं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण माझ्यासारखं गणित बऱ्याच जणांनी केलं असणार अशी मला दाट शंका आहे.

माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पाखरं बघण्याचा नाद दुकानापेक्षा जुना. गिऱ्हाइकांना तो माहीत असल्यामुळे पाखरांच्या तक्रारीही माझ्याकडेच येतात. तापी आणि पांझरा जिथे मिळतात तिथून जवळच एका आबांचं शेत आहे. त्यांचा सकाळीच फोन: "भाऊ, दादरमा चिड्या पडी ऱ्हायन्यात. काई दवाई शे का?" म्हटलं, दवाई नाही, पण येऊन बघतो.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमची रब्बी ज्वारी. काळ्या जमिनीत पावसाळ्याची जी ओल धरून राहते तिच्यावर निघणारं पीक. ताटं माणसाच्या डोक्यावर जातात, दाणा पांढरा, टपोरा. आबांची दादर लवकर पेरलेली, त्यामुळे कणसं हुरड्यावर आली होती. दाणा दुधाळ असताना पाखराला तो चोचीत चिरडायला सोपा, म्हणून या पंधरा-वीस दिवसांत सगळ्यात जास्त नुकसान होतं. शेताच्या एका अंगाला नाला, नाल्यावर बाभळी. पाखरं बाभळीवरून उतरायची, बांधालगतच्या पाच-सहा ओळींत टिपायची आणि आबांनी डबा वाजवला की पुन्हा बाभळीवर. शेताच्या मधोमध फारशी जात नव्हती. आबांची गोफण खांद्यावरच होती, पण हात दुखतो म्हणून डब्यावर काम चाललं होतं.

आधी गर्दी वेगळी करू

शेतात त्या सकाळी दोनशेच्या आसपास पाखरं असावीत. आबांच्या लेखी ती सगळी एक. "बठ्या चिड्याच ना त्या!" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कारण लांबून बघितलं तर खरोखर सगळी मातकट रंगाची, जाड चोचीची आणि दाणा खाणारी. चार-पाच जातींच्या माद्या एकाच कणसावर आलटून पालटून बसल्या की अनुभवी माणसाचाही गोंधळ होतो. तरी हा गोंधळ सुटणारा आहे.

चिमणीची मादी आपण रोज बघतो म्हणून तिच्याकडे नीट बघत नाही. डोळ्याच्या मागून मानेकडे जाणारी फिकट पिवळसर भुवई, पाठीवर काळ्या आणि तांबूस उभ्या रेघा, पोट मळक्या चादरीच्या रंगाचं. शेपटीखालीही तोच मळकट रंग. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुगरणीची मादी चिमणीएवढीच, पण शेपूट आखूड, चोच जास्त जाड आणि शंकूसारखी, छातीवर फिकट बदामी झाक. गंमत अशी की डिसेंबरात सुगरणीचे नरसुद्धा मादीसारखेच दिसतात. वीण संपली की डोक्यावरचा पिवळा रंग जातो. आपल्याकडे पाखराचं नाव स्त्रीलिंगी आणि खोपा मात्र नर विणतो. हिवाळ्यात तो नरही मादीच्या वेषात फिरतो, म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी निदान हिवाळ्यात तरी बरोबर बघितलं म्हणायचं.

तिसरी रानचिमणी, म्हणजे पिवळ्या गळ्याची चिमणी. नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो, मादीत तो नसतो किंवा नावाला असतो. पण तिची पाठ कोरी असते, रेघ नाही. खांद्यावर फिकट तांबूस डाग आणि चोच इतरांपेक्षा बारीक. सलीम अलींनी लहानपणी मारलेलं आणि ओळखता न आलेलं पाखरू हेच. ते घेऊन ते १९०८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे गेले आणि पुढचं आयुष्य त्यातून घडलं. तेव्हा चिमण्यांत चिमणी हुकली तर फार मनाला लावून घेऊ नये.

हे सगळं बाजूला केल्यावर उरले भारीट. भारीट चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि लांबोडा, शेपूट लांब, टोकाला किंचित खाच पडलेली. चोच जाड असली तरी वेगळ्या घडणीची. खालच्या चोचीची कड मध्येच वाकते, त्यामुळे बंद तोंडाची रेघ सरळ न जाता गालाजवळ खाली मोडते. एकदा ती मोडलेली रेघ दिसली की नंतर दर वेळी दिसते. छाती रेघांशिवाय साफ. आणि शेपटीच्या खाली, बुडाला, फिकट पिवळा रंग. मादी ताटावर चढून कणसाकडे वाकली की खालून तो पिवळा तुकडा दिसतो. मी आणि भाची बांधाखाली, नाल्याच्या उतारावर बसलो होतो, त्यामुळे बघायची जागा आयतीच मिळाली.

भारीटातही आपल्याकडे हिवाळ्यात आणखी एक येतो, करड्या मानेचा. पण त्याच्या शेपटीच्या बाहेरच्या पिसांत पांढरं असतं आणि उडताना ते चमकतं. आमच्या कळपात पांढरी शेपूट एकही नव्हती. काळ्या आणि लाल डोक्याच्या दोन्ही भारीटांच्या शेपटीत पांढरं नसतं. दुर्बीण खाली ठेवून, डबा वाजल्यावर उडालेला थवा नुसत्या डोळ्यांनी दोनदा मोजला. एकदा ६०, एकदा ६४. ६२ लिहिले.

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

चूक कुठे झाली

बासष्टांत चार नर स्पष्ट होते. तिघांचं डोकं काळपट, पोट पिवळंधमक, पाठ विटकरी. एकाचं डोकं आणि गळा तांबूस, पाठ हिरवट. म्हणजे तिघे काळडोके, एक लालडोक्या. आम्ही बोलताना असंच म्हणतो, पूर्ण नाव घ्यायला वेळ कुणाला असतो. बाकी अठ्ठावन्न मातकट.

घरी येऊन चहा पीत नोंद भरताना मी नरांचं प्रमाण माद्यांना लावलं. तीनास एक. बासष्टचे तीन भाग काळे, एक भाग लाल. ४६.५ आणि १५.५. अर्धं पाखरू लिहिता येत नाही म्हणून ४७ आणि १५. दुकानात खताच्या पोत्यांचा हिशेब करावा तसा.

या हिशेबात तीन गृहीतकं दडलेली होती आणि तिन्ही कच्ची. एक म्हणजे नर ज्या प्रमाणात तेवढ्याच माद्या. चार नरांवरून कसलंच प्रमाण निघत नाही. आणखी एक लालडोक्या बाभळीमागे असता तर माझा हिशेब तीनास दोन झाला असता आणि मी बिनधास्त पंचवीस लाल लिहिले असते. दुसरं, कळपात दिसणारा नर हा आसपासच्या माद्यांची जात सांगतो. वीणीच्या जागी जोडी असते, तिथे हे चालतं. इथे हिवाळ्यात ते दाण्यासाठी जमलेले आहेत, संसारासाठी नाही. एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या दोघांना नवरा-बायको ठरवण्यासारखं ते आहे.

तिसरं गृहीतक भाचीने पकडलं आणि ते सगळ्यात मोठं निघालं. तिने विचारलं, "मामा, या अठ्ठावन्न माद्याच आहेत हे कुणी सांगितलं?"

दोन्ही भारीटांत त्या वर्षी जन्मलेले नरसुद्धा पहिल्या हिवाळ्यात आईसारखेच मातकट दिसतात. वयस्क माद्या, तरुण माद्या आणि तरुण नर यांचं मिश्रण म्हणजे माझे अठ्ठावन्न. मी ज्याला मादी म्हणत होतो ते खरं तर 'नरासारखं न दिसणारं पाखरू' होतं. आबा त्या दिवशी हसून म्हणाले होते, "मादीले कोन इचारस भो!" इथे तर मादी कोण हेच आधी विचारायला हवं होतं.

दोघांचा गोतावळा

काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोपात आणि त्याच्या पूर्वेला, म्हणजे ग्रीस, बाल्कन, तुर्कस्तानापासून इराणपर्यंतच्या पट्ट्यात वीण करतो. युरोपातून लांब स्थलांतर करणारी बहुतेक पाखरं हिवाळ्यात आफ्रिकेकडे उतरतात, हा मात्र पूर्वेकडे वळून आपल्या ज्वारीवर येतो. लाल डोक्याचा मध्य आशियातला, कझाकस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तान या बाजूचा. दोघांचे मुलूख उत्तर इराणात, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला एकमेकांना भिडतात आणि तिथे त्यांची मिश्र संततीही होते. एक भाऊ, एक चुलत भाऊ असं हे नातं. माद्या इतक्या सारख्या का, याचं अर्धं उत्तर या नात्यात आहे. उरलेलं अर्धं असं की नरांचे रंग एकमेकांपासून दूर गेले, माद्या आपल्या जुन्या मातकट कपड्यांतच राहिल्या. अंड्यांवर बसणाऱ्याने नजरेत न भरलेलंच बरं.

आवाजाचा उपयोग होत नाही. उडताना दोघेही तुटक 'चिप' करतात आणि मला तरी त्यात फरक लावता आलेला नाही.

मग फरक कशात? ढोबळ मानाने चार ठिकाणी बघतात. पंखाचं टोक: पंख मिटलेला असताना वरच्या पिसांच्या पांघरुणातून लांब उड्डाणपिसांची टोकं किती बाहेर येतात. सदऱ्याच्या बाहीतून पंजा किती बाहेर आलाय हे बघावं तसं. काळडोक्याचा पंजा जास्त बाहेर, लालडोक्याचा कमी. चोच: काळडोक्याची जरा लांब, लालडोक्याची आखूड आणि शंकूसारखी. कंबर, म्हणजे शेपटीच्या अगदी वरचा भाग: काळडोक्याच्या मादीत बऱ्याचदा तांबूस झाक, लालडोक्याच्या मादीत पिवळट-हिरवट. आणि चेहरा: काळडोक्याच्या वयस्क मादीचं डोकं आणि गाल गळ्यापेक्षा थोडे गडद, नराच्या काळ्या टोपीची पुसट सावली पडल्यासारखे. लालडोक्याच्या मादीचा चेहरा फिका आणि एकसारखा, तिच्या कपाळावर किंवा छातीवर कधीकधी तांबूस हात फिरल्यासारखं दिसतं.

वाचताना सोपं वाटतं. पण यातला एकही फरक एकटा पुरत नाही, कारण दोघांची मापं एकमेकांत शिरतात. लांब चोचीचा लालडोक्याही असतो. कोवळ्या पाखरांत तर चेहरा आणि कंबर दोन्ही जवळपास निरुपयोगी.

सात फोटो

अठ्ठावन्नांपैकी सात पाखरांचे फोटो कामाचे निघाले. बाकीच्यांत ताट आडवं, मान वळलेली किंवा नुसती शेपूट. भाचीने लॅपटॉपवर एकेक मोठा केला आणि वहीत क्रमांक घातले. दोन संध्याकाळी गेल्या.

पहिलं, दुसरं आणि पाचवं पाखरू सरळ निघालं. पंखाचं टोक लांब, चोच लांबट, गाल गळ्यापेक्षा गडद. दुसऱ्याची कंबर पंख झटकताना दिसली, वीटभट्टीच्या राखेत मिसळलेल्या लालीसारखी. तीन काळडोक्या माद्या.

इथे प्रकाशाचा घोळ सांगायला हवा. पहिल्या पाखराचे दोन फोटो होते, एक सव्वासातचा, एक नऊचा. बांधावरच्या वाकड्या ताटामुळे आणि कणसावरच्या खाल्लेल्या भागामुळे ते तेच पाखरू असल्याची खात्री होती. सव्वासातच्या फोटोत पाठ तांबूस, नऊच्या फोटोत करडी. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन सगळ्यालाच हळद-कुंकू लावतं. उलट जे पाखरू ताटांच्या आत, पानांच्या सावलीत होतं ते हिरवट दिसत होतं. म्हणजे उन्हातला तो काळडोक्या आणि सावलीतला तो लालडोक्या, असं नकळत ठरवलं जाण्याची पूर्ण सोय त्या शेतात होती. शेतात बसल्या बसल्या "ही लाल वाटते" असं मी दोनदा म्हणालो होतो, हे भाचीला आठवत होतं. दोन्ही वेळा पाखरू सावलीत होतं, हेही.

तिसरं पाखरू म्हणजे लालडोक्या मादी. पंखाचं टोक आखूड, चोच बुटकी, चेहरा कोरा, कंबर पिवळट आणि ती भर उन्हात टिपलेली, त्यामुळे सावलीची सबब नाही. चारही गोष्टी एका बाजूला झुकल्या म्हणून नाव दिलं. धुळ्याच्या एका जुन्या पक्षिमित्राला नाव न सांगता फोटो पाठवला, त्यांनीही तेच म्हटलं.

खरा धडा चौथ्या पाखराचा. पंखाचं टोक इतकं आखूड की मी बघताक्षणी "ही तर नक्की लाल" म्हणून वहीत लिहूनही टाकलं. भाची काही बोलली नाही, तिने पुढचा फोटो उघडला. त्यात तेच पाखरू कणसावरून झेपावताना, उजवा पंख उघडलेला. बाहेरची दोन पिसं इतरांपेक्षा आखूड होती, रंगाने ताजी, कडा धारदार.  पिसं नुकती गळून नवी उगवत होती.

हे भारीट वीण झाल्यावर तिकडेच पंखांची पिसं बदलून येत नाहीत. जुन्या, झिजल्या पिसांनी हजारो किलोमीटर येतात आणि मोठी पालट इथे, हिवाळी मुक्कामात करतात. म्हणजे आबांच्या दादरवर बसून ते दुधाळ दाण्यांतून नवे पंख घडवत होते. अशा वेळी पंखाचं टोक आखूड दिसलं तर ते जातीमुळे आहे की अर्धवट उगवलेल्या पिसामुळे, हे मिटलेल्या पंखावरून कळणारच नाही. बाहीतून पंजा कमी दिसतोय म्हणून हात आखूड म्हणायचं, आणि हात तर मुठीत मिटलेला. मिटलेल्या पंखाच्या एकाच फोटोवर विसंबलो असतो तर मी ती चूक छातीठोकपणे केली असती. चौथ्याची चोचही मधल्या मापाची होती. नाव खोडलं.

सहावं आणि सातवं कोवळी पाखरं. पिसं ताजी, छातीवर अगदी पुसट रेघा, चेहऱ्यावर काहीही सांगण्यासारखं नाही. त्यांच्यावर अर्धा तास घालवला आणि सोडून दिलं. नर की मादी हेही सांगता येईना, जात तर दूरच.

घुबडाची आठवण

या सगळ्यात मला सारखा वन पिंगळा आठवत होता. तो घुबड आहे, भारीटांच्या गोतातला नाही, पण सारख्या दिसणाऱ्या पाखरांची गोष्ट निघाली आणि खानदेशात बसून त्याचं नाव घेतलं नाही असं व्हायचं नाही. साधा पिंगळा घरोघरच्या वडा-चिंचांवर असतो, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. वन पिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, पंख-शेपटीवर ठळक पट्टे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात सरकारी अधिकारी राहिलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने इथून गोळा केले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. मधे १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला मिळाल्याची एक नोंद होती, ती मेनर्ट्‌झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाच्या नावावर. पुढे उघड झालं की तो नमुना संग्रहालयातून उचललेला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या आणि शहाद्याजवळच्या जंगलात वन पिंगळा पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी.

माझ्या पंधरा लालडोक्यांची तुलना त्या लबाडीशी करणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं. पण उद्या कुणी 'तापीखोऱ्यातले लाल डोक्याचे भारीट' असा नकाशा काढायला बसला, तर माझी पोत्यांच्या हिशेबातली पंधरा पाखरं त्यात ठिपका म्हणून उमटली असती. मी लबाडी केली नव्हती, आळस केला होता. नकाशाला ते कळत नाही.

मार्चमधलं खळं

होळीच्या दोन दिवस आधी पुन्हा गेलो. दादर कापून झाली होती, कणसं खळ्यात रास लावलेली, चाऱ्याच्या पेंढ्या बांधावर उभ्या. भारीट आता खळ्याच्या कडेला सांडलेल्या दाण्यांवर होते. आबांना त्याचं दुःख नव्हतं, सांडलेला दाणा कुणाचाही. त्यामुळे डबाही वाजत नव्हता आणि पाखरं आम्हाला पंधरा-वीस पावलांवर बसू देत होती. डिसेंबरपेक्षा बघणं किती सोपं झालं होतं!

या खेपेला कळपात ऐंशीच्या आसपास पाखरं होती आणि त्यातली तीसेक उघड नर. काळी डोकी ठिकठिकाणी. काहींच्या डोक्यावर अजून तपकिरी कडा होत्या, जुन्या पाटीवर खडूची भुकटी राहावी तशा. नवीन पिसांची टोकं फिकी असतात, ती झिजली की खालचा काळा वर येतो, त्यासाठी वेगळी पालट लागत नाही. लाल डोकी दोन.

डिसेंबरात बासष्टात चार नर, मार्चमध्ये ऐंशीत तीस. ही नेमकी तीच पाखरं आहेत असा दावा नाही, थवे सरकत असतात. पण डिसेंबरच्या माझ्या 'माद्यां'त बरेच कोवळे नर होते हे आता मला डोळ्यांनी दिसत होतं. त्यांनी मधल्या दोन-अडीच महिन्यांत कपडे बदलले. भाचीने वहीत तारीख टाकून एवढंच लिहिलं: मामाच्या माद्यांना टोप्या आल्या.

मार्चमध्ये माद्याही जरा बोलक्या होतात. नवी पिसं पूर्ण उगवलेली असल्यामुळे पंखाच्या टोकावर विश्वास ठेवता येतो. त्या दिवशी नऊ माद्यांचे फोटो मिळाले, सहांना नाव देता आलं, पाच काळडोक्या आणि एक लालडोक्या. उरलेल्या तिघींवर आमचं एकमत झालं नाही. भाची दोघींना काळ्या म्हणते, मी अजून म्हणत नाही.

दुरुस्त नोंद

डिसेंबरची नोंद अशी बदलली. काळ्या डोक्याचे ६, म्हणजे तीन नर आणि फोटोत पटलेल्या तीन माद्या. लाल डोक्याचे २, एक नर, एक मादी. बाकीचे ५४ 'काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट' या जोडनावाखाली. ई-बर्डवर हे जोडनाव आधीपासून आहे. मी ते कधी वापरलं नव्हतं, कारण ते लिहिणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल केल्यासारखं वाटायचं. टिपणात सातही फोटोंचे क्रमांक आणि कशावरून ठरवलं ते दिलं, चौथ्या पाखराच्या उगवत्या पिसांसकट. तपासणाऱ्याने लगेच मान्य केली.

दुकानात आबा आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्या चोपन्न कोन व्हत्यात?"

"भारीट. काळे की लाल ते नाही सांगता येत."

"म्हंजे चिड्याच ना!"

पुढच्या वर्षी लवकर, ऑक्टोबरमध्ये जायचं ठरवलंय. थवे नुकते उतरलेले असतात तेव्हा वयस्क पाखरांची पिसं झिजलेली आणि कोवळ्यांची ताजी असतात, त्यामुळे निदान वय तरी आधी वेगळं काढता येईल. वय कळलं तर चेहरा आणि कंबर बघण्यात अर्थ आहे. पण ऑक्टोबरात कणीस नसतं, त्यामुळे पाखरं कापलेल्या बाजरी-ज्वारीच्या रानात विखुरलेली सापडतील, आणि बसायला बांध कुठला मिळेल ते बघावं लागेल.

आबा निघताना बियाणं विचारत होते. "यंदा दादर नही, मका पेरसू." बोअरला पाणी आहे आणि मक्याच्या कणसाला वरून पानांचं वेष्टण असतं, भारीटाची चोच आत पोचत नाही. त्यांना मक्याची दोन वाणं दाखवली आणि नाल्यापलीकडे दादर कोण पेरतं, त्यांचा नंबर लिहून घेतला.